पोराचा दात पाडायचा तर वार बघून पाडा

पालकहो, मुलांनी जरूर पडावं. फक्त सोमवार ते शनिवार, दहा ते एक आणि पाच ते आठ. आमच्या आठ वर्षांच्या कार्ट्याला एवढी अक्कल नाही. गेल्या रविवारी संध्याकाळी आमराईजवळ सायकलवरून तोंडावर आपटला आणि पुढचा दात मुळासकट हातात घेऊन आला. पक्का दात बरं का, दुधाचा नव्हे.

अशा वेळी आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं. हिरडीत हळद भरा म्हणतात. सांगलीत हळदीला काय तोटा!

दाताच्या डॉक्टरांना फोन लावावेत. रिंगटोन छान असतात.

मग मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जावं, आधार कार्ड घेऊन. पोराचं आधार. तोंडातून रक्त गळतंय त्या पोराचं. मग केसपेपर. मग "पडला कसा?" हे तीन जणांना तीनदा सांगावं. मग धनुर्वाताचं इंजेक्शन, कापसाचा बोळा आणि "उद्या दाताच्या ओपीडीला दाखवा." दोन तास गेले. दात माझ्या खिशात, रुमालात, वाळत पडलेला. दात कुठाय, हे एकानंही विचारलं नाही. एकानंही!

घरी पोचेपर्यंत मेसेज हजर : आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

सोमवारी दाताचे डॉक्टर म्हणाले, दुधात बुडवून अर्ध्या तासात आणला असता तर परत बसवता आला असता. कोरडा राहिला की मुळावरच्या पेशी मरतात. दूध! ज्या जिल्ह्यातून दुधाचे टँकर मुंबईला जातात, तिथं वाटीभर दूध कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, ते जाऊ दे, मी काही डॉक्टर नाही. आता इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा खोटा दात, तोही म्हणे जबड्याची वाढ संपल्यावर, म्हणजे अठराच्या पुढे.

अहो डॉक्टर मंडळी, लाज वाटू द्या थोडी. पक्का दात पांढऱ्या भागाला धरा, मूळ घासू नका, लगेच जागेवर बसवा, नाही जमलं तर दुधात ठेवून पळा. दुधाचा दात मात्र परत बसवू नका. एवढं कॅज्युअल्टीच्या भिंतीवर आणि प्रत्येक शाळेच्या ऑफिसात चिकटवायला कुठला निधी लागतो? कर्नाटकातून लोक शेजारच्या मिरजेत उपचाराला येतात, आणि तुम्हाला आळीपाळीनं रविवारी दातांचा एक दवाखाना उघडा ठेवता येत नाही?