मधल्या माणसाचा फोन

आसगावहून पुतण्याचा फोन आला तेव्हा टोरांटोत संध्याकाळचे सहा वाजले होते, म्हणजे गोव्यात पहाटेचे साडेतीन. एवढ्या अवेळी तो जागा कसा, हे मला विचारावे लागले नाही. तो अकरा व्हिला सांभाळतो. मालक दिल्लीत आणि मुंबईत, पाहुणे दर आठवड्याला नवे. आणि एसी थंड होत नाही, टाकीतले पाणी संपले, गाण्यांचा आवाज कमी करा म्हणून शेजारी भांडायला आले, यांपैकी काहीही झाले की पहिला फोन त्याला. त्या रात्री आकडे दाबून उघडायचे कुलूप अडून बसले होते आणि चार पाहुणे बॅगांसह पावसात उभे होते. ते निस्तरून तो मोटारसायकलवर बसल्या बसल्या माझ्याशी बोलत होता. "काका, तुम्ही ती नोकरी सोडलीत ती नेमकी कशी?" एवढेच त्याला हवे होते.

ती नोकरी म्हणजे भाड्याच्या इमारतीच्या व्यवस्थापकाची. 2014 ते 2023 अशी नऊ वर्षे मी टोरांटोच्या स्कारबरो भागातील एक इमारत पाहत होतो: 180 बिऱ्हाडे, दोन लिफ्ट, एक जुना बॉयलर आणि कधीही समोर न येणारे मालक. भाडे गोळा करणे, रिकामे झालेले घर रंगवून पुन्हा भाड्याला लावणे, तक्रारी नोंदवणे, कंत्राटदाराला बोलावणे आणि भाडे थकले की नोटीस देणे, असा तो व्याप होता. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओत या नोटिशीला एन-फोर म्हणतात आणि महिन्याच्या भाडेकरूला तेव्हा तिच्यात 14 दिवसांची मुदत असे. ती दाराला चिकटवलेली चालत नाही, दाराखालून सरकवलेली चालते. एकदा मी अशी नोटीस आत सरकवली आणि वळणार तोच कोणा लहान मुलाने ती आतून परत बाहेर ढकलली. त्याला तो खेळ वाटला असावा. मी पुन्हा सरकवली, त्याने पुन्हा ढकलली. तिसऱ्या खेपेला आतून त्याच्या आईचा आवाज आला आणि कागद आतच राहिला.

माझे आजोबा मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे, होते. फोंडा तालुक्यातले आमचे घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर होते आणि 1975 साली मुंडकारांना घराबाहेर काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाल्यावरच आजोबांनी मातीची भिंत पाडून चिऱ्यांची भिंत घातली, असे आजी सांगत असे. त्यांच्या नातवाने साता समुद्रापलीकडे लोकांच्या दाराखाली कागद सरकवावेत, यातला विरोधाभास मला त्याच दिवशी जाणवला, असे म्हणणे खोटे ठरेल. त्या दिवशी मला आणखी सात दारे उरकायची होती. एरवी विचारी म्हणवणाऱ्या माणसाला जे जाणवायला हवे ते जाणवेनासे होते, हेच या दुखण्याचे पहिले लक्षण असावे.

बर्नआउट या शब्दाला मराठीत 'करपणे' हा शब्द मला जवळचा वाटतो. भांडे चुलीवरच असते, आतले पाणी मात्र केव्हाच आटलेले असते, आणि करपल्याचा वास स्वयंपाक करणाऱ्याच्या आधी घरातल्या इतरांना येतो. माझ्या बाबतीत तो पत्नीला आला. 1974 साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने हा शब्द वैद्यकीय लिखाणात आणला, तो न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांकडे पाहून. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हटले आणि तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपून जाणे, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटत राहणे. या तिन्हींत कामाच्या तासांचा उल्लेख नाही, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो.

याचे कारण असे की मायदेशातला वाद तासांभोवतीच फिरत राहिला आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करण्याचा सल्ला दिला. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचे 90 तासांचे विधान गाजले. आणि कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडले. गोव्यात या वादाला 'सुशेगाद', म्हणजे निवांत, या शब्दाची फोडणी मिळते आणि गोंयकाराला काम नको असते हा जुना टोमणा पुन्हा निघतो. अकरा व्हिलांचे फोन घेणाऱ्या माझ्या पुतण्याला हा टोमणा कोणी तोंडावर ऐकवावा, अशी माझी फार इच्छा आहे.

ओंटारिओत या हक्काच्या नावाने नियम आलाही. 25 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक मालकाने 2 जून 2022 पर्यंत याबाबतचे लेखी धोरण करायचे होते. धोरणात काय असावे, हे कायद्याने सांगितले नाही. आम्हाला मिळालेले धोरण दीड पानाचे होते, आणि दुसऱ्या परिच्छेदात आणीबाणीचे फोन त्यातून वगळले होते. भाड्याच्या इमारतीत रात्री येणारा प्रत्येक फोन आणीबाणीचाच असतो. त्याच वर्षी चवथीच्या दिवशी गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली आरती चालू असताना लिफ्टमध्ये दोघे अडकल्याचा फोन आला आणि आरतीचे ताट मुलीच्या हाती देऊन मी निघालो.

तरीही मला तासांनी करपवले नाही. करपवले ते मधल्या जागेने. 2020 च्या मार्चपासून काही महिने भाडेकरूंना बाहेर काढण्याचे आदेश इथे थांबवले गेले, आणि ते योग्यच होते. मात्र पुढे सुनावण्या महिनोन्महिने तुंबल्या, आणि थकलेल्या भाड्याबद्दल मालक मला जाब विचारू लागले, तर न झालेल्या दुरुस्त्यांबद्दल भाडेकरू. 500 डॉलरच्या वरचा खर्च मला मंजुरीशिवाय करता येत नसे. सगळी बोलणी खायची मी, आणि निर्णय मात्र दुसऱ्या कोणाचा.

जानेवारी 2023 मधल्या एका रात्री बॉयलर बंद पडला. हिवाळ्यात घर 21 अंशांवर ठेवणे हे टोरांटोत घरमालकावर बंधनकारक आहे. बाहेर उणे 18 होते. पहाटे दोन ते चार या वेळात मी 63 फोन घेतले आणि त्यांतल्या एकालाही उपयोगी पडेल असे माझ्याजवळ काही नव्हते. मग तंत्रज्ञ आला. त्याने झाकण उघडले, ज्योत पेटली की नाही हे ओळखणारी सळी काढून दाखवली. तिच्यावर पांढुरका थर चढला होता. बारीक पॉलिश कागदाने ती घासून त्याने परत बसवली, बॉयलर गुरगुरला, पाइप टकटक वाजू लागले, आणि तो हात पुसून निघून गेला. चाळीस मिनिटे. मला त्या माणसाचा इतका हेवा वाटला की तो गेल्यावरही मी बराच वेळ तळघरातच उभा राहिलो.

पुढचे थोडक्यात सांगतो. डॉक्टरांच्या दाखल्यावर मी रजा घेतली. स्वतःहून राजीनामा देणाऱ्याला इथे सहसा बेकारी विमा मिळत नाही, पण आजारपणाचा लाभ मिळतो. त्याची मुदत डिसेंबर 2022 मध्ये 15 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली होती आणि त्यात पगाराच्या 55 टक्के रक्कम, तीही ठरावीक मर्यादेपर्यंत, हाती येते. तेवढ्यात घराचा हप्ता भागत नव्हता. तो पत्नीच्या पगाराने भागला. मग वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी गॅस तंत्रज्ञाच्या वर्गात बसलो आणि आधी जी-थ्री, म्हणजे दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करण्याचा, आणि मग जी-टू हा परवाना मिळवला. आता मी घरोघरी घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्ट्या दुरुस्त करतो. 180 कुटुंबांची घरे सांभाळायला मला कसलाही परवाना लागला नव्हता, एका घराच्या भट्टीला हात लावायला मात्र लागतो, याचे मला अजूनही हसू येते.

आईला फोनवर हे सांगितले तेव्हा तिने एकच विचारले: "पर्मनंट होती ना ती?" तिला दोष देता येत नाही. गोव्यात नोकरीचे मोजमाप पर्मनंट या एका शब्दाने होते. 2024 च्या अखेरीस सरकारी नोकरी देतो म्हणून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे एकामागून एक बाहेर आली, तेव्हा पैसे घेणाऱ्यांवर भरपूर लिहिले गेले. पण घरची माणसे दागिने मोडून ते पैसे का देतात, यावर त्या मानाने थोडेच. फर्मागुडीच्या आयटीआयत हातकाम शिकलेल्या मुलाला आपण 'काहीच जमले नाही वाटते' अशा नजरेने पाहतो आणि मग सगळे प्लंबर बाहेरचे कसे, म्हणून हळहळतो. अर्थात हे मी परवान्याला दाम मिळणाऱ्या देशात बसून लिहितो आहे. गोव्यातल्या प्लंबरला ना आजारपणाचा लाभ, ना भविष्य निर्वाह निधी, आणि ते बदलल्याशिवाय नुसता उपदेश करणे शहाजोगपणाचे होईल.

गोव्याच्या नगर नियोजन कायद्यातल्या, जमिनीचा ठरलेला वापर बदलू देणाऱ्या कलम 17(2) आणि 39ए वरून जो वाद पेटला, त्यात किती चौरस मीटर जमिनीचे रूपांतर झाले हे मोजले गेले, आणि ते मोजलेच पाहिजे. पण त्या जमिनीवरची सेकंड होम्स वर्षातले दहा महिने मालकाविना राहणार आणि ती सांभाळायला आमचीच मुले लागणार, हा हिशेब कोणी मांडताना दिसत नाही. त्यांना पगार आहे, मोटारसायकल आहे, घर सोडून इंग्लंडमधल्या स्विंडनला जावे लागत नाही, म्हणून घरचेही खूश असतात. भाटकाराच्या मुकादमालाही गावात मान असे.

पुतण्याला मी नोकरी सोड असे सांगितले नाही. माझ्यामागे 26 आठवडे आणि पत्नीचा पगार होता. त्याच्यामागे मोटारसायकलचे हप्ते आहेत. मालकांकडून दोन गोष्टी लेखी मागून घे, एवढेच सुचवले: न विचारता करता येईल अशा दुरुस्तीची रक्कम, आणि आठवड्यातून एक रात्र फोन दुसऱ्याकडे. परवा त्याचा निरोप आला. अकरापैकी सात मालकांनी 5000 रुपयांपर्यंतच्या खर्चाला होकार दिला आहे. रात्रीबद्दल सगळेच 'बघू' म्हणाले आहेत.