रिपोर्ट सुधारला म्हणजे तब्येत सुधारली?

"रोज तासभर चालून घाम गाळायची गरज नाही. डी३, ओमेगा-३, मल्टिव्हिटॅमिन आणि हळदीची कॅप्सूल ९० दिवस घ्या. शुगर, कोलेस्टेरॉल, लिव्हर, सगळे रिपोर्ट नॉर्मल! व्यायाम फक्त जाड्यांसाठी, बारीक माणसाला त्याची गरजच नाही. ज्यांना करायचाच आहे त्यांनी सोबत व्हिटॅमिन सी आणि ई घ्या, फायदा दुप्पट. सगळं नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. पुरावा म्हणून माझे आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट जोडतोय."

हा निरोप मला आतापर्यंत सहा ग्रुपांवर आला. सहावा मामांकडून, खाली हात जोडल्याची तीन चिन्हं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, लोकांचं रक्त तपासणं हाच माझा धंदा. त्यामुळे बाकी कशावर नाही तरी त्या 'जोडलेल्या रिपोर्टां'वर बोलायला मला हरकत नसावी. म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेतो.

"पुरावा जोडलाय."

फोटोत एचबीए१सी, म्हणजे आपण ज्याला 'शुगरची तीन महिन्यांची सरासरी' म्हणतो तो आकडा, ७.१ वरून ६.४ वर आलेला आहे. फोटो खरा आहे असंच धरून चालू. पण ही चाचणी साखर थेट मोजत नाही. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते, आणि किती हिमोग्लोबिनला चिकटली आहे ते आम्ही मोजतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. पेशी जितकी जुनी, तितकी तिला साखर चिकटायला सवड जास्त.

आता लोहाची किंवा बी१२ ची कमतरता असलेला माणूस घ्या. त्याच्या शरीरात नव्या पेशी कमी बनतात, जुन्याच फिरत राहतात, आणि साखर फारशी नसतानाही एचबीए१सी चढलेला दिसू शकतो. मग तो लोह आणि बी१२ असलेली मल्टिव्हिटॅमिन सुरू करतो. अस्थिमज्जेतून ताज्या, कोऱ्या पेशींचा लोंढा सुटतो आणि आकडा खाली येतो. अ‍ॅनिमिया सुधारला ही चांगलीच गोष्ट. पण मधुमेह सुधारला का? त्याचं उत्तर या आकड्यात नाही. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर शेजारी ठेवून बघितल्याशिवाय ते कळत नाही, आणि त्या दोन्ही फोटोत नाहीत. ही काही दुर्मिळ गोष्टही नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

शिवाय, ज्या आठवड्यात गोळ्या सुरू केल्या त्याच आठवड्यात चहातली साखरही अर्धी केली असेल, तर ते निरोपात कोण लिहितो?

गोळीमुळे आकडा हलतो आणि शरीर जागच्या जागी राहतं, याचं आमच्याकडचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे बायोटिन. केस आणि नखांच्या गोळ्यांमध्ये ते ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम असतं. मोठ्या माणसाची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. आता गंमत अशी, की लॅबमधल्या बऱ्याच हार्मोन चाचण्यांच्या रसायनांत बायोटिनच गोंदासारखं वापरलेलं असतं. रक्तात ते जास्तीचं आलं की चाचणीचा तोल बिघडतो. थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच खोटं कमी आणि टी३, टी४ खोटे जास्त दिसतात. कागदावर थायरॉइड उधळलेला, समोर बसलेली बाई मात्र ठणठणीत. हार्ट अ‍ॅटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिनची चाचणी उलट खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात ट्रोपोनिन खोटं कमी आलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूचा उल्लेख होता. सगळ्याच मशीनवर असं होत नाही, पण आपलं रक्त कोणत्या मशीनवर जाणार हे पेशंटला कुठे माहीत असतं?

उलटी गंमतही होते. आदल्या संध्याकाळी जिममध्ये पायांचा दणकून व्यायाम करून मुलगा सकाळी रक्त द्यायला येतो. एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीत बघतात ते एन्झाइम) वाढलेलं, सीपीके (स्नायूंमधलं एन्झाइम) तर आभाळाला. घरचे घाबरतात, लिव्हर गेलं म्हणून. लिव्हर जागेवर असतं, दुखावलेल्या स्नायूंतून बाहेर आलेली एन्झाइम्स असतात ती. क्रिएटिन (जिमवाले स्नायूंसाठी घेतात ती पावडर) घेत असेल तर क्रिएटिनिनही (किडनीच्या तपासणीतला आकडा) थोडं वर, कारण क्रिएटिनचंच शेवटी क्रिएटिनिन होतं. किडनी बिघडलेली असेलच असं नाही.

"डी३ आणि ओमेगाने शुगर, कोलेस्टेरॉल नॉर्मल."

डी३ घेतल्यावर रक्तातलं ड जीवनसत्त्व वाढतं, यात शंका नाही. बादलीत पाणी ओतलं की बादली भरतेच. प्रश्न पुढचा आहे: त्याने आजार टळतो का? मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ लोकांना रोज ४,००० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक) ड जीवनसत्त्व किंवा नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी देऊन अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. दोन गटांत मधुमेह होण्याच्या प्रमाणात ठाम म्हणता येईल असा फरक दिसला नाही. 'व्हायटल' नावाच्या चाचणीत तर २५,८७१ माणसं होती. रोज २,००० आययू ड आणि एक ग्रॅम ओमेगा-३. कर्करोग किंवा हृदयविकाराचे मोठे झटके, दोन्हींच्या एकूण प्रमाणात लक्षणीय घट नाही. ज्याला कमतरता आहे त्याने डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे ड घ्यावंच. पण ६०,००० ची आठवड्याला एक म्हणून दिलेली पुडी 'तब्येतीला चांगली' म्हणून रोज खाणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं कॅल्शियम चढतं आणि मग किडनीची धावपळ.

ओमेगा-३ ने ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, उतरतात, हे खरं आहे. पण तो डोस दिवसाला चार ग्रॅम शुद्ध ओमेगाचा आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला. दुकानातल्या कॅप्सूलवर ठळक अक्षरांत '१००० मिग्रॅ' असतं ते माशाच्या तेलाचं वजन. साध्या कॅप्सूलच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरं वाचा: ईपीए १८०, डीएचए १२०, खरं ओमेगा-३ एवढंच. म्हणजे जेमतेम ३०० मिलिग्रॅम. तेवढा डोस गाठायला रोज तेरा-चौदा कॅप्सूल गिळाव्या लागतील.

राहिलं कोलेस्टेरॉल. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये एक सरळसोट तुलना केली. जवळपास २०० लोक, २८ दिवस. एका गटाला रोसुव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन गटातलं औषध, तेही कमी डोसचं, ५ मिलिग्रॅम. बाकीच्यांना माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, प्लांट स्टेरॉल, लाल यीस्टचा तांदूळ, आणि एका गटाला खोटी गोळी. स्टॅटिनने एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, सुमारे ३८ टक्के उतरवलं. बाकी सहांपैकी एकही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. लसणाच्या गटात तर एलडीएल थोडं वाढलंच. (फोडणीतल्या लसणाबद्दल माझी काही तक्रार नाही.)

"व्यायाम फक्त जाड्यांसाठी."

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ते आपल्याच माणसांवर उलटणारं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी एकच, २२.३. कोणत्याही तक्त्यात दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या गावांमध्ये याज्ञिकांच्या चमूने दाखवलं, की आपली बाळंच वजनाला हलकी, पण त्या मानाने चरबी जास्त आणि स्नायू कमी अशी जन्मतात. 'आमचा हा कसा काडीसारखा आहे' म्हणणाऱ्या घरात शुगर निघते ती यामुळे.

आणि जेवणानंतर साखर जाते कुठे? बहुतांश स्नायूंत. चालताना, जिना चढताना स्नायू आकुंचन पावतो तेव्हा साखर आत घेणारी दारं इन्सुलिनची वाट न बघता उघडतात. हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका असं सांगतात. वजनकाट्याला यातलं काही दिसत नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेल्या अभ्यासात (२००६) आहार आणि चालण्याने तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी, आणि तेही वजनात म्हणण्यासारखी घट न होता. अमेरिकेतल्या ३,२३४ जणांच्या अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, बेताचा आहार आणि थोडं वजन कमी करणं यांनी ५८ टक्के घट झाली, मेटफॉर्मिनने ३१. आहाराचा वाटा यात आहेच, सगळं श्रेय चपलांना देत नाही. पण नुसत्या व्यायामाचेही आकडे आहेत: मधुमेहींना देखरेखीखाली नियमित व्यायाम दिला तर एचबीए१सी सरासरी ०.६७ ने उतरतो, आणि आठवड्याला १५० मिनिटांच्या वर गेलं तर ०.८९ ने.

आता एक कबुली. व्यायामाने एलडीएल फारसं उतरत नाही. ट्रायग्लिसराइड उतरतात, एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, जरासं वाढतं, रक्तदाब काही अंकांनी खाली येतो, पण सहा महिने इमानदारीत चालून एलडीएल होतं तिथेच पाहून हिरमुसलेले लोक माझ्यासमोर रोज बसतात. चालणं फुकट गेलेलं नसतं. आम्ही काढलेल्या त्या कागदावर दमसास, स्नायूंची ताकद, रक्तवाहिन्यांचा लवचीकपणा यांचे रकानेच नाहीत. आणि चालतो म्हणून स्टॅटिन परस्पर बंद करणं हा तितकाच मोठा घोळ.

"सोबत सी आणि ई, फायदा दुप्पट."

दुप्पट सोडा, उणे होऊ शकतो. २००९ मध्ये जर्मन संशोधकांनी तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला, त्यातल्या काहींना रोज १,००० मिलिग्रॅम सी आणि ४०० आययू ई दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांची इन्सुलिनला मिळणारी साथ सुधारली, घेणाऱ्यांची नाही. व्यायामात तयार होणारे ते बदनाम 'फ्री रॅडिकल्स' हाच शरीराला सुधारणेचा निरोप असतो. गोळी तो निरोप वाटेतच फाडून टाकते. लिंबू आणि आवळ्याला हे लागू नाही, मोठ्या डोसच्या गोळ्यांबद्दल बोलतोय.

"नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य."

फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत गाजरातलं बीटा-कॅरोटीन गोळीतून दिलं, फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. ई जीवनसत्त्वाच्या ४०० आययूने अमेरिकेतल्या चाचणीत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला. आणि हळद? भाजीतली चिमूट वेगळी, मिरीच्या अर्कासोबत कॅप्सूलमध्ये कोंबलेलं कुरकुमिन वेगळं. मिरी घालतात ती ते रक्तात जास्त शिरावं म्हणूनच. अशा कॅप्सूलनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात झाल्या आहेत. निरोपात 'लिव्हर नॉर्मल' करायला सांगितलेली वस्तू हीच.

मामांना मी फोन केला. ते बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतात, त्याने बी१२ कमी होऊ शकतं, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी बी१२ दिलंय. ती गोळी सोडू नका म्हटलं. "मग बाकीच्या?" बाकीच्या डब्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा म्हटलं, आणि रक्त द्यायला याल तेव्हाही ती पिशवी आणा. मामींच्या केसांच्या गोळ्याही त्यात असू द्या. त्या त्यांनी तपासणीच्या दोन-तीन दिवस आधीच थांबवलेल्या बऱ्या.