ऑपेरा घरी बघताना: तो कॅमेरा जरा मागे घ्या हो!

चित्रित केलेला ऑपेरा घरी बघण्यात थिएटरची मजा नाही, अशी कुरकूर नेहमी ऐकू येते. नसेलच, त्यात वाद कसला? माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. थिएटरात कुठे बघायचं ते मी ठरवते. घरी ते कॅमेऱ्यांचा दिग्दर्शक ठरवतो, आणि हे गृहस्थ बहुतेक वेळा जो गातोय त्याच्या तोंडाकडे बघत बसतात.

'रिगोलेत्तो'च्या तिसऱ्या अंकातलं चौघांचं गाणं घ्या. इटालियन संगीतकार व्हेर्दीचा हा ऑपेरा १८५१ सालचा. भिंतीच्या आत ड्यूक माद्दालेनाला लाडीगोडी लावतोय, ती हसून त्याला उडवून लावतेय. भिंतीबाहेर अंधारात रिगोलेत्तो उभा आहे. ज्याच्यावर तुझा जीव जडलाय तो कसा आहे ते बघ, म्हणून पोरीला मुद्दाम घेऊन आलाय. पोरीचं, जिल्दाचं, काळीज तुटतंय, बाप सुडाच्या गोष्टी करतोय. चौघं एकाच वेळी गातात, चौघांचे सूर वेगळे, आणि तरी ते एकात एक बसतात. या प्रसंगाचा सगळा जीव त्या मधल्या भिंतीत आहे. आतल्यांना बाहेरचे ठाऊक नाहीत, आणि हे फक्त आपल्याला दिसतंय. आता पडद्यावर काय होतं? ड्यूकचे दात, कट. जिल्दाचे पाणावलेले डोळे, कट. माद्दालेनाचा खांदा, पुन्हा ड्यूक. भिंत कुठे गेली? कानांना चौघं ऐकू येतात आणि डोळ्यांना एकच दिसतो. त्यात सबटायटलला जागा एका ओळीची, म्हणजे चौघांपैकी तिघांचं म्हणणं तिथेही गळतं.

मोत्सार्टच्या 'फिगारोच्या लग्ना'त (१७८६) दुसऱ्या अंकाचा शेवट याहून अवघड आहे. काउंट आणि काउंटेस यांच्या भांडणापासून सुरुवात होते, मग एकेक माणूस येत जातो आणि जवळजवळ वीस मिनिटांनी सात जण एकमेकांच्या अंगावर गात असतात. इथली खरी गंमत गप्प उभ्या असलेल्या माणसात असते. पुढची थाप काय मारायची या विचारात पडलेला फिगारो, त्याला हळूच खूण करणाऱ्या बायका. कॅमेरा गाणाऱ्याच्या मागे पळतो आणि नेमकं हे सगळं चौकटीबाहेर राहतं.

साल्झबर्ग महोत्सवातला २००५ सालचा 'ला त्राव्हियाता' (हाही व्हेर्दीचाच) बऱ्याच जणांनी पाहिला असेल. दिग्दर्शक विली डेकर. गायला आना नेत्रेब्को आणि रोलान्दो व्हियाझोन. मोकळा रंगमंच, मागे वळत गेलेली पांढरी भिंत, एक अवाढव्य घड्याळ आणि लाल झग्यातली, क्षयाने मरत चाललेली नायिका व्हियोलेता. डॉक्टर ग्रेन्व्हिल हे एरवी किरकोळ पात्र, पण इथे तो जवळपास सगळा वेळ रंगमंचावर आहे, न बोलता. तो मृत्यू आहे हे कुणी सांगावं लागत नाही. लांबून बघताना नाचगाण्यातही नजर सारखी त्या म्हाताऱ्याकडे जाते. नेत्रेब्कोचा चेहरा पडदाभर झाला की म्हातारा नाहीसा होतो आणि उरते एक छान गाणारी सुंदर बाई. डेकरने अख्खं नाटक ज्या ताणावर उभं केलंय तोच सैल पडतो. तेवढं सोडलं तर चित्रण उत्तम आहे, जरूर बघा.

चेहऱ्याचं आणखी एक दुखणं आहे. ऑपेरातला अभिनय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा असतो. तोच एका हाताच्या अंतरावरून बघितला की मानेच्या शिरा, घाम आणि उंच स्वरावर थरथरणारी जीभ दिसते. गाणाऱ्यांनी सिनेमातल्या नटनट्यांसारखं दिसावं ही अपेक्षाही इथूनच बळावते. ती नवी नाही म्हणा. १८५३ साली व्हेनिसमध्ये 'ला त्राव्हियाता'च्या पहिल्या प्रयोगात क्षयाने मरणारी नायिका अंगाने चांगली भरलेली होती, म्हणून लोक हसले होते. त्यांना निदान लांबून दिसत होतं.

आणि आवाजाचं काय? हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ऑपेराचे गायक मायक्रोफोनशिवाय, साठ-सत्तर वादकांच्या डोक्यावरून गातात. हे नुसत्या जोराने होत नाही. वाद्यवृंदाची ताकद ५०० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि वर जाता जाता घटत जाते. कसलेला गायक, विशेषतः पुरुष गायक, आपल्या आवाजाची धार ३००० हर्ट्झच्या आसपास एकवटतो, म्हणजे वाद्यवृंद जिथे दुबळा आहे तिथे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ('मेट'मध्ये) जवळजवळ ३८०० प्रेक्षक बसतात, त्या सगळ्यांपर्यंत तो असा पोचतो. घरी मात्र मायक्रोफोन सगळ्यांना एकाच मापाचं करून टाकतो. नाजूक आवाज आणि जर्मन संगीतकार वाग्नरचे अवजड ऑपेरा पेलणारा आवाज, दोन्ही तुमच्या हेडफोनमध्ये सारखेच मोठे. म्हणून चित्रण बघून 'अमका तमक्यापेक्षा दमदार' असले निकाल देणाऱ्यांचं मी हल्ली ऐकूनच घेत नाही.

मग जवळचा कॅमेरा वाईटच का? तसं नाही. दिग्दर्शक पात्रिस शेरोने जर्मनीत बायरॉइटला बसवलेलं वाग्नरचं 'रिंग' (चार ऑपेरांची मालिका) बघा. १९७६ साली त्याच्यावर आरडाओरडा झाला होता. १९७९-८० मध्ये प्रेक्षक नसलेल्या थिएटरात ते चित्रित केलं, ब्रायन लार्जने. त्यातल्या 'वाल्क्यूरे'च्या दुसऱ्या अंकात डोनल्ड मॅकिन्टायरचा वोटान, म्हणजे देवांचा राजा, आरशासमोर उभा राहून आपल्या पराभवाची कहाणी सांगतो, ऐकायला एकटी लेक. रंगमंचावर हा प्रसंग लांबट वाटू शकतो. कॅमेऱ्याने मात्र तो अक्षरशः तारलाय, कारण एक माणूस बोलतोय, दुसरं ऐकतंय आणि बाकी बघण्यासारखं काही घडत नाही. गर्दी जमली की मागे सरा, दोघंच उरले की पुढे या. एवढं साधं गणित आहे!

सिनेदिग्दर्शक बर्गमनने १९७५ मध्ये स्वीडिश टेलिव्हिजनसाठी मोत्सार्टची 'जादूची बासरी' केली, तिथे तर त्याने आपण सिनेमा करतोय हे लपवलंच नाही. स्टुडिओत स्वीडनमधल्या जुन्या ड्रॉटनिंगहोल्म थिएटरसारखा रंगमंच उभारला, गाणी आधी ध्वनिमुद्रित केली, आणि मध्यंतरात 'रात्रीची राणी' झालेली गायिका धूम्रपानबंदीच्या पाटीखाली सिगरेट ओढत बसलेली दाखवली. उलट १९९२ चा पुच्चिनीचा 'तोस्का' रोममध्ये खऱ्या जागी, कथेतल्याच वेळांना, थेट प्रक्षेपित झाला. वाद्यवृंद दुसरीकडे, झुबिन मेहतांच्या हाताखाली, आणि गायक खऱ्या चर्चमध्ये, खऱ्या किल्ल्यावर. तांत्रिक कसब म्हणून थक्क व्हायला होतं. पण खऱ्या दगडी भिंतीसमोर माणसं गायला लागली की 'ही गातायत का?' असा प्रश्न मला पडतो. रंगवलेल्या कापडासमोर तो कधीच पडत नाही.

घरी बघायचं तर एका बैठकीला एक अंक बघा, आरिया (एकट्याचं गाणं) चालू असताना थांबवू नका, आणि गोष्ट आधी वाचून ठेवा म्हणजे डोळे सबटायटलवर खिळून राहत नाहीत. मेटच्या थेट प्रक्षेपणांत (२००६ पासून चालू आहेत) मध्यंतरात धापा टाकणाऱ्या गायकांना माइकसमोर उभं करतात. रेकॉर्डिंग बघताना ते मी सरळ पुढे पळवते. आत्ताच्या आत्ता मरायला टेकलेल्या बाईने हसत मुलाखत दिलेली मला बघवत नाही.

आणि ऑपेरा चित्रित करणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. आठ-दहा कॅमेरे लावताच ना? मग त्यातला एक मधोमध, अख्खा रंगमंच दिसेल असा स्थिर ठेवा, आणि संपूर्ण प्रयोग त्या एका कॅमेऱ्यातून बघायची सोयही द्या. तुमचं संकलन ज्यांना आवडतं ते तेच बघतील. मला त्या चौघांच्या गाण्यात भिंतीच्या दोन्ही बाजू एकदम बघायच्या आहेत.