नुसत्या दुहेरी काचेने भागत नाही

'दुहेरी काच बसवली की काचेची खोली भर उन्हाळ्यातही वापरता येते', हे काचेच्या खोल्यांवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. दोन काचांमधली हवा बाहेरची गरमी अडवते, पण थेट ऊन साध्या दुहेरी काचेतून बरंचसं आत येतंच. आमची खोली पश्चिमेला. आतून जाड पडदे लावले, तरी संध्याकाळी पाचला पडद्याला हात लावला की नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा गरम लागायचा. ऊन आत आल्यावर अडवून काय उपयोग?

शेवटी काचेच्या बाहेरून गुंडाळायचे पडदे लावले, तेव्हा कुठे तिथे बसता येऊ लागलं. आणि छप्पर काचेचं करूच नका. उन्हाळ्यात दुपारचा सगळा मारा तिथेच असतो.