विमानाचे वय विचारणाऱ्या पालकांसाठी

प्रशिक्षणाचे लहान विमान कोसळले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत "तांत्रिक बिघाडाची शक्यता" हे शब्द हमखास सापडतात. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात असे विमान कोसळून प्रशिक्षकाचा मृत्यू झाला आणि विद्यार्थिनी जखमी झाली. तेव्हापासून नाशिक, सिन्नर, निफाडकडच्या पालकांचे मला येणारे फोन वाढले आहेत. मुलगा किंवा मुलगी धुळे, शिरपूर, जळगाव, बारामती वा गोंदियाला वैमानिक होण्यासाठी निघालेली असते आणि मी विमान-देखभालीत आयुष्य काढले असल्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, त्यांची विमाने किती जुनी आहेत हो?" माझे स्पष्ट मत असे आहे की विचारण्यासारख्या प्रश्नांत हा सर्वांत कमी उपयोगाचा आहे. नीट राखलेले चाळीस वर्षांचे सेसना आणि मागच्या वर्षी आलेले कोरे विमान, दोन्ही जवळजवळ त्याच कारणांनी पडतात. आणि ती कारणे बहुतेक वेळा इंजिनाच्या झाकणाखाली नसतात.

संख्येने पाहिले तर सर्वांत जास्त अपघात उतरताना होतात, मात्र त्यांत जीव क्वचितच जातात. विद्यार्थी थोड्या जास्त वेगाने येतो, चाके टेकताच विमान उसळते, तो घाबरून नाक खाली दाबतो, पुढचे चाक आधी आपटते, विमान पुन्हा उसळते, आणि तिसऱ्या उसळीपर्यंत पुढच्या चाकाचा दांडा मोडून पंख्याची पाती धावपट्टीला घासलेली असतात. आडवा वारा असेल तर विमान धावपट्टी सोडून बाजूच्या मातीत जाते. यावरचा उपाय प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो: पहिल्याच उसळीला पूर्ण थ्रॉटल द्यायचे, वर जायचे आणि पुन्हा यायचे. तरीही तो गो-अराउंड करत नाही. खाली इतर विद्यार्थी बघत असतात, पुन्हा फेरी मारायची म्हणजे आपल्याला जमले नाही असा अर्थ निघेल असे त्याला वाटते, आणि काही प्रशिक्षकही नंतर चहाच्या टपरीवर त्यावरून टोमणा मारतात. असा टोमणा मारणाऱ्या प्रशिक्षकाला मी तरी विद्यार्थ्याच्या शेजारच्या सीटवर बसू देणार नाही.

जीव जातात ते बहुधा याच्या मिनिटभर आधीच्या वळणावर. धावपट्टीभोवतीच्या चौकोनी फेरीला सर्किट म्हणतात. ती साधारण हजार फुटांवरून घेतात आणि बेसवरून, म्हणजे धावपट्टीला आडव्या बाजूवरून, फायनलकडे, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेकडे, वळताना विमान पाचशे फुटांच्या आसपास असते. वारा मागून ढकलत असेल तर वळण उशिरा सुरू होते आणि धावपट्टीची रेघ ओलांडली जाते. अशा वेळी तो विद्यार्थी, आणि कित्येकदा अनुभवी वैमानिकसुद्धा, कल वाढवतो. जास्त कलण्याची भीती वाटली की पायाने रडर (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी फळी) दाबून नाक ओढतो. नाक खाली जाते म्हणून स्टिअरिंग मागे खेचतो. सेसना १७२ फ्लॅप (पंखांच्या मागच्या, उतरताना खाली करायच्या पट्ट्या) न उतरवता सरळ उडत असताना साधारण ५० नॉट वेगाला स्टॉल होते, म्हणजे पंखांवरचा हवेचा प्रवाह विस्कटून त्यांची उचल कोसळते. उंची राखून ४५ अंशांच्या कलात वळले तर हाच वेग साठच्या घरात जातो आणि ६० अंशांना सत्तरच्या. उतरायला येतानाचा वेग मात्र ६५ नॉटच्या आसपास असतो! त्यातच रडर एका बाजूला दाबलेले असेल तर एक पंख आधी स्टॉल होतो, विमान त्या बाजूला उलटते आणि गिरक्या घेत खाली येऊ लागते. हाच स्पिन. त्यातून पहिल्या गिरकीनंतर लगेच सावरायचे म्हटले तरी हजार फुटांच्या आसपास उंची लागते. विमानाजवळ पाचशेच असते. बाकीचे सांगायला नको.

येथे एक गोष्ट लोकांना पटवून देताना मला नेहमी कष्ट पडतात. "विमान बंद पडले" असे आपण म्हणतो, पण या अपघातात इंजिन शेवटच्या क्षणापर्यंत उत्तम चालू असते. स्टॉलचा संबंध इंजिनाशी नसून पंख हवेला कोणत्या कोनात सामोरा जातो याच्याशी असतो. तो कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला की वेग कितीही असो, पंख साथ सोडतो. वेग कमी असेल तरच स्टॉल होतो, असे मनात धरून बसलेला विद्यार्थी वळणात स्टिअरिंग निर्धास्तपणे खेचतो.

स्पिन शिकवावा की टाळायला शिकवावे, हा वाद जुना आहे. अमेरिकेने १९४९ मध्ये खासगी वैमानिकांसाठी स्पिनची सक्ती काढून टाकली, कारण सराव करतानाच माणसे मरत होती. आपल्या ओझरच्या कारखान्यात एचटीटी-४० या वायुदलाच्या प्रशिक्षण विमानाच्या उत्पादनाची दुसरी साखळी १७ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झाली, त्याचा नाशिककर म्हणून मलाही अभिमान वाटतो. त्या विमानाच्या स्पिनच्या चाचण्या सलग सहा गिरक्यांपर्यंत घेतल्या गेल्या आहेत, आणि त्यात जमिनीवर उभे असतानाही वैमानिकाला सुखरूप बाहेर फेकू शकेल असे इजेक्शन सीट आहे. मुलकी संस्थेतल्या सेसनात वैमानिकाला बाहेर फेकणारे काहीच नसते, फक्त पट्टा असतो. म्हणूनच तेथे शिक्षणाचा भर स्पिनमधून बाहेर पडण्यापेक्षा स्टॉलची पहिली चाहूल ओळखण्यावर असावा, असे मला वाटते. सैल पडलेले कंट्रोल, स्टॉलचा इशारा देणाऱ्या हॉर्नचा आवाज आणि पंखांची थरथर विद्यार्थ्याच्या हातात इतकी भिनली पाहिजे की विचार करण्याआधी हात पुढे गेला पाहिजे.

आता इंजिन खरोखरच बंद पडण्याविषयी. देखभाल दुय्यम आहे असे माझे म्हणणे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात काही दिवसांच्या अंतराने दोन अपघात झाले, तेव्हा डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, संबंधित संस्थेचे प्रशिक्षण थांबवले होते. पण इंजिनाचा एखादा भाग तुटण्यापेक्षा त्याला इंधन न मिळणे हे कितीतरी अधिक वेळा घडते. टाकीत काडी घालून पातळी न पाहता काट्यावर विश्वास ठेवणे, टाकी निवडण्याची कळ चुकीच्या बाजूला राहणे, आणि पावसाळ्यात टाकीत शिरलेले पाणी उड्डाणाआधी तळातून काढून न पाहणे, ही तीन कारणे मी सर्वांत वर ठेवीन.

चौथे कारण कार्ब्युरेटरमधला, म्हणजे इंजिनात हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला, बर्फ. नाशिकमध्ये ऑगस्टात बाहेर २४ अंश असताना इंजिनात बर्फ कसा होईल, असे विद्यार्थीच विचारतात. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने येथेही थंडी तयार होते: पेट्रोलची वाफ होताना ते उष्णता ओढते, शिवाय अरुंद नळीत हवेचा दाब उतरतो, आणि दोन्ही मिळून तापमान वीस-तीस अंशांनी पडू शकते. हवा दमट असली की बर्फ धरतो आणि इंजिनाचे फेरे हळूहळू उतरतात. अशा वेळी कार्ब हीटची, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी, कळ ओढायची असते. कळ ओढल्यावर वितळलेले पाणी इंजिनातून जाताना ते आधी जास्तच खडखडते. घाबरलेला विद्यार्थी कळ पुन्हा आत ढकलतो आणि उरलेसुरले इंजिनही गमावतो. तपासनीस शेतात पोहोचेपर्यंत बर्फ वितळून गेलेला असतो आणि अहवालात इंजिनात दोष सापडला नाही अशी नोंद होते.

उड्डाणानंतर लगेच इंजिन गेले तर समोर, फार तर जरा डावी-उजवीकडे जी मोकळी जागा दिसेल तेथे उतरायचे, हा नियम आहे. तरीही मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह आवरत नाही. १८० अंश वळल्यावर आपण धावपट्टीच्या रेषेवर नव्हे, तिच्या बाजूला असतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त वळावे लागते, आणि चारशे-पाचशे फुटांत ते बसत नाही. मग पुन्हा तेच तीव्र वळण, तोच स्टॉल. बांधावर वा उसात विमान मोडले तरी आतली माणसे पुष्कळदा चालत बाहेर येतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा हिशेबही समजून घेतला पाहिजे. नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी चाळीस अंश असताना येथली हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ते साडेपाच हजार फुटांवर असते. इंजिनाची ताकद सुमारे पंधरा टक्क्यांनी घटते, धावपट्टी जास्त लागते, चढ मंदावतो. ११० अश्वशक्तीच्या सेसना १५२ मध्ये दोन धडधाकट माणसे आणि भरलेली टाकी असेल तर आधीच वजनाची मर्यादा जवळ आलेली असते. पहाटे सहज उडालेले तेच विमान दुपारी झाडांच्या शेंड्यांपर्यंतही जेमतेम चढते.

ढगांबद्दल थोडक्यात सांगतो. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने फक्त समोरच्या यंत्रांचे काटे पाहून उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवून पाहिले. विसांचाही ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूने येणारे ढग ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. नदीच्या पात्रावरून मुद्दाम खाली उडून विजेच्या तारांत अडकणे याला मी अपघात मानत नाही. त्यावर येथे शब्द खर्च करण्याची माझी इच्छा नाही, रील काढणाऱ्यांनी हवे तर वाईट वाटून घ्यावे.

राहिला प्रशिक्षक. शेजारी अनुभवी माणूस असताना अपघात होतोच कसा, हे पालकांना कळत नाही. प्रशिक्षकाने चूक होऊ द्यायची असते, नाहीतर विद्यार्थी शिकणार नाही. पण कोठपर्यंत होऊ द्यायची, हा निर्णय दोन-तीन सेकंदांत घ्यावा लागतो आणि दिवसातल्या सहाव्या उड्डाणाला, उन्हात भाजून निघालेल्या प्रशिक्षकाचा तो निर्णय उशिरा येतो. "आय हॅव कंट्रोल" हे मोठ्याने म्हटले गेले नाही की दोघांनाही वाटते, दुसरा उडवतो आहे. प्रशिक्षक पुष्कळदा विद्यार्थ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असतो आणि त्याचेही लक्ष विमान कंपनीच्या भरतीकडे असते. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण हवे, घरी कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो, विमानासाठी रांग असते. अशा वेळी वारा जास्त आहे म्हणून आज नको, असे म्हणणे विद्यार्थ्याला जड जाते आणि संस्थेलाही.

म्हणून संस्था पाहायला जाल तेव्हा हॅंगर आणि प्लेसमेंटचे फलक पाहून परत येऊ नका. मागच्या महिन्यात हवामानामुळे किती उड्डाणे रद्द झाली आणि ती कोणी रद्द केली, हे विचारा. एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी आहेत आणि तो दिवसाला किती तास उडतो, हे विचारा. सोलोआधी, म्हणजे विद्यार्थ्याला एकट्याने उडू देण्याआधी, स्टॉलचा सराव कितीदा होतो, हे तेथल्या विद्यार्थ्यांनाच बाजूला घेऊन विचारा; कार्यालयात मिळालेले उत्तर आणि त्यांचे उत्तर जुळते का ते पाहा. २०१२ साली स्थापन झालेल्या विमान अपघात अन्वेषण विभागाचे अहवाल संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात आणि त्यांचा हेतू कोणाला दोषी ठरवण्याचा नसतो. प्रशिक्षण विमानांचे तीन-चार अहवाल मुलांबरोबर बसून वाचा. इंग्रजी रुक्ष आहे, पण शेवटच्या पाच-सहा मिनिटांचा वृत्तान्त समजायला अडचण येत नाही.