खुलासा: शटडाउनमध्ये राज्यं सैनिकांना पगार देत नाहीत

‘अमेरिकेत सरकार बंद पडलं की सैनिकांचा पगार बुडतो, मग राज्य सरकारं तो स्वतःच्या खिशातून भरतात’ असा मेसेज सध्या फिरतोय. शटडाउन म्हणजे संसदेने खर्चाला मंजुरी न दिल्याने सरकारी कामकाज अडणं. मेसेजमध्ये थोडं खरं, बरंच चुकीचं.

पगार बुडत नाही, फार तर लांबतो. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या ३५ दिवसांच्या शटडाउनमध्ये लष्कर, नौदल, वायुदल यांना पगार वेळेवर मिळाला, कारण संरक्षण खात्याचा निधी आधीच मंजूर होता. अडकलं ते तटरक्षक दल. ते गृहसुरक्षा खात्याखाली येतं, आणि त्या खात्याचा निधी मंजूर नव्हता. १५ जानेवारीला ४० हजारांहून जास्त जवानांच्या खात्यात काहीच जमा झालं नाही. त्याच आठवड्यात ‘बर्थॉल्फ’ हे त्यांचं जहाज कॅलिफोर्नियातून लांबच्या मोहिमेवर निघालं, खलाशी बिनपगारी! घरी मागे हप्ते आणि भाडं होतंच.

आता राज्यांचं. तटरक्षक अकादमी कनेटिकट राज्यातल्या न्यू लंडनला आहे, त्यामुळे झळ तिथे बसली. गव्हर्नर नेड लॅमाँट यांनी बँकांमार्फत बिनव्याजी कर्जाची सोय केली, हमी राज्याची. म्हणजे उसनवारी, पगार आला की फेडायची. ड्यूटीवर असलेल्याला बेकारी भत्ताही मिळत नाही, म्हणून ही वाट काढावी लागली.

२०२५ च्या शटडाउनचा दाखलाही काही जण देतात. तेव्हा १५ ऑक्टोबरचा सैनिकी पगार झाला, पण संरक्षण खात्याच्या संशोधन निधीतून. राज्यांच्या तिजोरीतून नव्हे.