साठ मिनिटांचे तिकीट, अडतीस मिनिटांचा खेळ

सुट्टीच्या दिवशी मुलांना कुठेतरी बाहेर न्यावे आणि अर्धा दिवस सगळ्यांनी मिळून मजेत घालवावा, एवढीच आमची हौस होती. तिच्यापायी इतका मनस्ताप पदरी पडावा, याला काही मर्यादा आहे की नाही? गेल्या रविवारी दोन्ही मुलांना घेऊन आम्ही ट्रॅम्पोलीन असलेल्या एका इनडोअर खेळकेंद्रात गेलो होतो. तिकीट साठ मिनिटांचे होते, पैसेही साठ मिनिटांचेच घेतले होते आणि मुले प्रत्यक्षात खेळली ती अडतीस मिनिटे. ही मिनिटे मी घड्याळ लावून मोजली आहेत. रागाच्या भरात फुगवून सांगितलेला हा आकडा नाही.

उरलेली बावीस मिनिटे कुठे गेली, तेही सांगतो. तिकीट ऑनलाइन काढलेले असले तरी मनगटाला बांधायची रंगीत पट्टी घेण्यासाठी पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. त्या रांगेच्या टोकाला पोहोचल्यावर कळले की प्रत्येक मुलासाठी पालकाने स्वतंत्र हमीपत्र भरायचे असते, तेही तिथेच उभ्या उभ्या, मोबाइलवर आणि नेमकी जिथे रेंज मिळत नाही अशा कोपऱ्यात. मुलांची नावे, वये आणि माझा फोन नंबर ही सगळी माहिती तिकीट काढताना घेतलेलीच होती. मग हमीपत्र त्याच वेळी भरून घ्यायला काय हरकत होती? (त्या फोन नंबरचा उपयोग होत नाही असे मात्र नाही. जाहिरातींचे संदेश न चुकता येतात.) त्यानंतर आले मोजे. पाय घसरू नये म्हणून तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे हवेत, हे मला शंभर टक्के मान्य आहे. परंतु मागच्या खेपेला याच केंद्रातून विकत घेतलेले धडधाकट मोजे 'आता हा रंग चालत नाही' म्हणून नाकारले जातात, तेव्हा ही सुरक्षा नसून निव्वळ विक्री आहे हे कोणालाही कळते.

सगळ्यात शेवटी सुरक्षेची चित्रफीत दाखवली, ज्यातला निम्मा वेळ वाढदिवसाच्या पॅकेजची जाहिरात होती. एका ट्रॅम्पोलीनवर एका वेळी एकानेच उडी मारावी, कारण वजनदार माणसाच्या उडीने शेजारचे हलके मूल भलतीकडे फेकले जाऊ शकते, ही त्यातली खरोखर महत्त्वाची सूचना एका वाक्यात उरकली होती. आत गेल्यावर पाहतो तो एकेका चौकटीवर तीन-तीन मुले उड्या मारत होती आणि त्यांना हटकण्यासाठी नेमलेला माणूस मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता. म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली आमचा वेळ घेतला आणि सुरक्षाही दिली नाही.

खरी चीड मात्र घड्याळाची आहे. पट्टीवर अकरा ते बारा असे छापलेले होते. आम्ही पावणेअकरापासून दारात उभे होतो, आत सोडले अकरा वाजून बावीस मिनिटांनी आणि बाराच्या ठोक्याला भोंगा वाजवून आमच्या रंगाच्या पट्टीवाल्यांना बाहेर काढण्यात आले. विचारले, तर 'सिस्टीममध्ये तसेच आहे' असे उत्तर मिळाले. काउंटरवरच्या त्या मुलीचा यात काही दोष नाही, हे मला कळते. ज्यांचा दोष आहे ते कधीच काउंटरवर सापडत नाहीत.

मोठ्या राइड असलेल्या उद्यानांत हाच प्रकार दिवसभराच्या मापाने चालतो. रांग किती वेळ घेणार, हे काही दैवावर सोडावे लागत नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार रांगेतील माणसांना दर तासाला आत जाणाऱ्यांच्या संख्येने भागले, की सरासरी प्रतीक्षा मिळते. चोवीस आसनांची राइड दर चार मिनिटांनी सुटत असेल, तर तासाला ३६० माणसे जातात. पुढे ५४० उभी असतील, तर दीड तास लागणार. शाळकरी मुलाला जमेल असे हे गणित तिकिटे विकणाऱ्यांना जमत नाही, यावर माझा विश्वास नाही. जमते, आणि म्हणूनच रांग टाळण्याचा जादा दराचा पास विकायला ठेवलेला असतो. फ्लोरिडातील डिस्नीच्या उद्यानांनी १९९९ मध्ये आणलेली फास्टपासची सोय पाहुण्यांना मोफत होती. २०२१ मध्ये तिच्या जागी पैसे मोजून घ्यायची सेवा आली. तेव्हापासून तर रांग ही व्यवस्थेतली उणीव राहिलेली नसून विक्रीचा माल झालेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उंचीच्या पट्टीबद्दल तर बोलायलाच नको. १२० सेंटिमीटरची अट सुरक्षेसाठी असते, तिच्याशी माझे भांडण नाही. पण ती मोजायची पट्टी रांगेच्या सुरुवातीला न ठेवता राइडच्या दाराशी ठेवण्याची कल्पना कोणाच्या डोक्यातून निघते? माझी धाकटी एकदा पन्नास मिनिटे थांबून दोन सेंटिमीटरने परत फिरली होती. तिला समजावत मी उलट दिशेने गर्दीतून वाट काढत होतो आणि वाटेत प्रत्येकाला 'माफ करा' म्हणत होतो, जणू चूक आमचीच होती.

नुसते खुर्चीवर बसून राहणाऱ्या पालकांकडूनही प्रवेशशुल्क घेणे आणि निम्म्या राइड 'देखभालीसाठी बंद' असताना पूर्ण दर आकारणे, यांवर शब्द खर्च करण्याचेही त्राण आता उरलेले नाही.

रविवारच्या बावीस मिनिटांबद्दल मी लेखी तक्रार केली. मुलांनी आत पाऊल टाकल्यापासून वेळ मोजावी, एवढीच मागणी होती. चार दिवसांनी उत्तर आले, की पुढच्या वेळी कृपया सत्राच्या पाऊण तास आधी यावे. तिथे थांबणाऱ्यांसाठी एकूण सहा खुर्च्या आहेत आणि त्यांतल्या दोन मोडलेल्या आहेत.